अ.पा.क. राणी : वेस्टरॉसमधली उसनी सत्ता

एका तरुण लेखकाने विचारलंय : "मी मराठीत डार्क फँटसी कादंबरी लिहितोय. जॉर्ज आर. आर. मार्टिन यांची 'अ साँग ऑफ आइस अँड फायर' ही मालिका डोक्यात आहे. आराखडा वाचून मैत्रीण म्हणाली, तुझ्या बायका एक तर सोसतात, नाहीतर तलवार उचलतात, मधलं काही नाहीच. मी म्हटलं, त्या काळी तसंच होतं, मार्टिननेही तसंच दाखवलंय. बरोबर कोण?" सोबत आराखड्याची चार पानंही जोडली आहेत.

मैत्रीण बरोबर आहे. मार्टिनचं नाव तुम्ही घेतलंत ते ठीक, पण त्याच्याकडून घ्यायची गोष्ट तिथेच राहिली.

मी साहित्यातली जाणकार नाही. अठ्ठावीस वर्षं दिवाणी कोर्टात वाटणीचे, वारसाचे, मृत्युपत्राचे दावे चालवतेय. टीव्हीवर 'गेम ऑफ थ्रोन्स' सुरू होतं तेव्हा मुलाने ही पुस्तकं घरी आणली. शंभरेक पानं झाली आणि वाटलं, अरे, ही तर आपलीच फाइल. ड्रॅगन आहेत, बर्फातली भुतं आहेत, सगळं खरं. पण माणसं मरतायत ती वारस नोंदीवरून. (पुढे गोष्टीतलं बरंच फुटणार आहे. वाचायची असतील तर आधी वाचून या.)

सातबाऱ्यावर अज्ञान मुलाच्या नावापुढे 'अ.पा.क. आई' असं लिहिलेलं तुम्ही पाहिलं असेल. अज्ञान पालनकर्ता. जमीन मुलाची, सांभाळणारी आई. तलाठ्याकडे तीच जाते, खंड तीच घेते, भावकीशी भांडण तीच करते. गावात सगळे तिला मालकीण म्हणतात. मुलगा सज्ञान झाला की एका फेरफाराने ती ओळ जाते. सर्सी लॅनिस्टर ही वेस्टरॉसची, म्हणजे या मालिकेतल्या राज्याची, सगळ्यात मोठी अ.पा.क. आई आहे. तिच्याकडे जे आहे ते आधी नवऱ्याच्या मुकुटातून आलं, मग थोरल्या मुलाच्या, जॉफ्रीच्या, मग धाकट्या टॉमेनच्या. बाप जाईपर्यंत स्वतःच्या नावावर काही नाही. टॉमेनचं लग्न मार्गेरीशी ठरतं तेव्हा सर्सीचं डोकं फिरतं ते निव्वळ सासू-सुनेचं वैर म्हणून नव्हे. पोराचा कान आता दुसरी धरणार, म्हणजे आपली ओळ खोडली जाणार, हे तिला पक्कं कळलेलं असतं.

तिचं दुखणं मार्टिनने एका प्रसंगात फार नेमकं सांगितलंय. राजधानीवर हल्ला चालू आहे, बायका-मुली एका दालनात कोंडून बसल्यात, आणि दारू चढलेली सर्सी ओलीस ठेवलेल्या छोट्या सान्साला, उत्तरेच्या स्टार्क घराण्यातल्या मुलीला, सांगतेय : मी आणि जेमी जुळे, लहानपणी इतके सारखे दिसायचो की कपडे बदलले तर बापालाही ओळखू येत नसे. मग त्याच्या हातात तलवार दिली, आणि मला हसायला, गायला, खूश ठेवायला शिकवलं. चेहरा एक, रक्त एक, बुद्धी कदाचित तिचीच सरस, वाटणी वेगळी. माझ्या टेबलासमोर बसून हेच वाक्य वेगळ्या शब्दांत किती जणींनी म्हटलंय याची मोजदाद मी ठेवलेली नाही.

पण इथेच तुम्ही एक धडा घ्या. अन्याय झाला म्हणून सर्सी चांगली होत नाही. ती क्रूर आहे, उतावळी आहे, आणि सत्ता हातात आल्यावर तिने केलेली सगळ्यात मोठी चूक कागदावरची आहे. राज्यावर धर्मपीठाचं कर्ज आहे; ते माफ व्हावं म्हणून ती धर्मपीठाला पुन्हा शस्त्रं धरायची परवानगी देते, जी आधीच्या राजांनी मोठ्या कष्टाने काढून घेतली होती. त्याच शस्त्रधारी साधूंचा वापर ती मार्गेरीला अडकवायला करते, आणि शेवटी त्यांच्याच कोठडीत स्वतः जाऊन पडते. मग केस भादरून, विवस्त्र, अनवाणी, सगळ्या शहरातून राजवाड्यापर्यंत चालत जाण्याचं ते प्रायश्चित्त. या प्रसंगाला इतिहासातलं एक माप आहे : इंग्लंडच्या चौथ्या एडवर्डची प्रेयसी जेन शोर हिला १४८३ साली हातात मेणबत्ती देऊन लंडनच्या रस्त्यांतून असंच जाहीर प्रायश्चित्त करायला लावलं होतं. राजा नुकताच वारला होता. ज्याच्या नावावर उसनं घेतलं तो गेला, की वसुली बाईच्या अंगावरून होते.

आता सान्साच्या लग्नाकडे या. ते लावलं सर्सीच्या भावाशी, टिरियनशी. मालिका वाचणारे बहुतेक लोक ते लग्न टिरियनचा अपमान म्हणून लक्षात ठेवतात. मी तो प्रसंग दोनदा वाचला, वकील म्हणून. वेस्टरॉसमध्ये लग्न लागतं ते झग्याने. नवरीच्या खांद्यावर माहेरच्या रंगांचा झगा असतो. बाप तो उतरवतो, नवरा आपल्या घराण्याचा झगा चढवतो. बाईचा ताबा या छत्राखालून त्या छत्राखाली. सान्साचा बाप याच लोकांनी मारलेला, म्हणून झगा उतरवायला बापाच्या जागी उभा राहतो जॉफ्री, ज्याने शिरच्छेदाचा हुकूम दिला तोच. टिरियन बुटका, त्याचा हात तिच्या खांद्यापर्यंत पोहोचत नाही. तो तिचा घागरा ओढतो : जरा गुडघे वाक. ती वाकत नाही. जेमतेम बारा-तेरा वर्षांची पोर, आख्ख्या सभेत एकटी. लग्न मोडण्याचा अधिकार तिला नाही, पळून जायची वाट नाही. गुडघे तेवढे तिचे स्वतःचे. शेवटी एका विदूषकाला ओणवं करून त्याच्या पाठीवर चढून नवऱ्याला झगा घालावा लागतो. टिरियनचं वाईट वाटतं, वाटायलाच हवं, कारण तोही बापाच्या हुकमाचा ताबेदार. दोन दुबळ्यांना समोरासमोर उभं करून तिसऱ्याने मिळकत घ्यायची, ही टायविन लॅनिस्टरची, म्हणजे सर्सी-टिरियनच्या बापाची पद्धत.

मिळकत म्हणजे विंटरफेल, स्टार्कांची गढी. सान्साचे दोन लहान भाऊ मेले असा सगळ्यांचा समज आहे, उरला थोरला भाऊ रॉब. तो गेला की वारस सान्सा, आणि सान्सा म्हणजे तिचा नवरा. हा हिशेब शत्रूने केला तसा भावानेही केला. रॉब पुढच्या लढाईआधी मृत्युपत्र करायला घेतो आणि त्यात सख्ख्या बहिणीला वारसातून वगळायचं ठरवतो, कारण तिच्या हातून गढी लॅनिस्टरांकडे जाईल. आई कॅटलिनलाही ते पटतं, दुसरा वारस नेम असं तीच म्हणते. याच रॉबने आधी, जेमीला सोडून बहिणींना परत आणावं असं आईने विनवलं तेव्हा नकार दिला होता : दोन मुलींसाठी एवढा मोठा कैदी सोडला तर सरदार काय म्हणतील? रॉब दुष्ट आहे का? अजिबात नाही. मालिकेतल्या सगळ्यात सरळ माणसांपैकी एक. तुमच्या आराखड्यात बाईवर अन्याय करणारा प्रत्येक जण राक्षस आहे. एखादा रॉब घाला. माझ्या ऑफिसात राक्षस फार कमी येतात. हक्कसोडपत्रावर बहिणीची सही घ्यायला येणारा भाऊ बहुधा भला माणूस असतो, तिच्यासाठी रिक्षा तोच करून देतो. एकदा एका बाईने सही करण्याआधी पिशवी मांडीवर घट्ट धरून मला हळूच विचारलं होतं, "नाही केली तर दिवाळीला बोलावतील ना?"

बोल्टन बापलेकांबद्दल, म्हणजे स्टार्कांचा सरदार रूझ आणि त्याचा मुलगा रॅम्झी यांच्याबद्दल, मात्र सविस्तर लिहायला हवं, कारण अंधार कसा रचावा हे तिथे कळतं. लेडी हॉर्नवुड ही उत्तरेतली विधवा. नवरा आणि मुलगा दोघे लढाईत गेले, मागे जमीन आणि ही एकटी. लगेच स्थळं येऊ लागतात, सगळ्यांना दुःख तिचं आणि डोळा जमिनीवर. रॅम्झी स्थळ घेऊन येत नाही. तिला धरतो, जबरदस्तीने लग्न लावतो, साक्षीदारांसमोर रात्र साजरी करतो, मृत्युपत्रावर तिची सही-शिक्का घेतो आणि तिला मनोऱ्यात कोंडून उपाशी मारतो. तिने स्वतःची बोटं खाल्लेली सापडतात. वाचणाऱ्याच्या लक्षात ती बोटं राहतात. माझ्या लक्षात राहिला पुढचा संवाद. विंटरफेलचा पंडित ल्यूविन म्हणतो, तलवारीच्या धाकाने घेतलेल्या शपथा ग्राह्य नसतात. आणि जुनाजाणता सेनानी रॉड्रिक उत्तर देतो, की रूझ बोल्टनला तसं वाटेलच असं नाही, जमिनीचा प्रश्न आहे. दोन वाक्यं. कायदा बाईच्या बाजूने, कब्जा बोल्टनांकडे. बलात्काराचं, उपासमारीचं वर्णन मार्टिनने तिथे केलेलं नाही. बातमी येते, माणसं बसून चर्चा करतात. तुम्ही तिसऱ्या प्रकरणात दीड पान खर्च केलंय अशाच एका प्रसंगावर, आणि त्या बाईची जमीन कुठे होती हे एका ओळीतही नाही.

आता याला २०१८ साली आलेल्या मार्टिनच्याच 'फायर अँड ब्लड'ची, म्हणजे वेस्टरॉसच्या जुन्या राजांच्या बखरीची, जोड द्या. त्यात मूळ गोष्टीच्या दोन-अडीचशे वर्षांपूर्वीची राणी अ‍ॅलिसेन येते. ती गावोगाव फक्त बायकांच्या सभा भरवते, त्यांची गाऱ्हाणी ऐकते, आणि नवऱ्याकडून दोन कायदे करून घेते. एक विधवांसाठी : नवरा गेल्यावर सावत्र मुलांनी तिला घराबाहेर काढायचं नाही. दुसरा, नव्या नवरीवर सरदाराचा पहिल्या रात्रीचा हक्क बंद. छान. आणि पुढे पाचव्या पुस्तकात रूझ बोल्टन अगदी थंडपणे सांगतो, की एका गिरणीवाल्याने माझ्या परवानगीशिवाय लग्न केलं, मी त्याला फाशी दिलं आणि त्याच झाडाखाली त्याच्या बायकोवर माझा हक्क बजावला. त्यातून जन्मला तो रॅम्झी. राणीच्या एका कायद्याला बापाने हरताळ फासला. त्यातून झालेल्या पोराने विधवांना मिळालेल्या आसऱ्याचा चोळामोळा केला.

अ‍ॅलिसेनचंही पाहा. तिचा दरारा एवढा, पण थोरला राजपुत्र वारल्यावर गादीचा हक्क त्याची मुलगी रेनिस हिला मिळावा म्हणून ती नवऱ्याशी भांडली, आणि हरली. राजाने धाकट्या मुलाला वारस केलं. राणी रागावून वेगळी राहायला गेली, निर्णय बदलला नाही. बायकोच्या शब्दाखातर राजा विधवांना छप्पर देईल. गादी म्हटली की तिचा शब्द संपतो. पुढे इसवी सन नव्हे, त्यांच्या गणनेतलं १०१ साल : महासभा भरते, रेनिसचा मुलगा मागे पडतो, त्या धाकट्या राजपुत्राचा मुलगा व्हिसेरिस निवडला जातो, आणि लोक त्यातून नियम काढतात की लोखंडी सिंहासन बाईकडे जात नाही आणि बाईमार्फतही जात नाही. मग हाच व्हिसेरिस राजा झाल्यावर मुलगी रेनिराला वारस नेमतो, सरदारांकडून शपथा घेतो. तो मेल्यावर त्या शपथांचं काय झालं ते 'हाउस ऑफ द ड्रॅगन' पाहणाऱ्यांना सांगायला नको. हे बाराव्या शतकातल्या मटिल्डाचंच प्रकरण. इंग्लंडच्या पहिल्या हेन्रीने ११२७ साली सरदारांना तिच्या नावाने शपथ घ्यायला लावली, ११३५ साली तो गेला, आणि तिचा आतेभाऊ स्टीफन मुकुट घालून मोकळा झाला. पुढची अठरा-एकोणीस वर्षं यादवी. राज्याभिषेक तिला कधी मिळाला नाही. तिच्या मुलाला मिळाला.

म्हणजे "त्या काळी तसंच होतं" हे तुमचं वाक्य. होतं, पण 'तसं' म्हणजे कसं, ते नीट वाचा. मध्ययुगीन इंग्लंडात विधवेला नवऱ्याच्या जमिनीचा साधारण तिसरा हिस्सा हयातभर मिळायचा, आणि त्यापायी कितीतरी सधन विधवा राजाला पैसे भरून पुन्हा लग्न न करण्याची मुभा विकत घ्यायच्या. शाफ्ट्सबरीसारख्या मठांच्या प्रमुख बायका मोठमोठ्या जमिनी चालवायच्या. शहरात विधवा नवऱ्याचा धंदा पुढे नेत. मार्टिनच्या जगात यातलं फारसं काही नाही. त्याच्या सेप्टा म्हणजे शिवणकाम शिकवणाऱ्या बाया, त्यांच्या नावावर एकरभर रान दिसत नाही. तेव्हा त्याचं वेस्टरॉस इतिहासापेक्षा काही बाबतींत जास्त काळं आहे. ती लेखकाची निवड आहे. तुम्हीही ती करू शकता, पण मग ती निवड म्हणून करा. इतिहासाच्या नावावर पावती फाडू नका.

तलवारवाल्यांकडे मी पटकन येते, कारण तुमचा भर तिथेच आहे. ब्रिएन धिप्पाड, कुरूप, लढण्यात भल्याभल्यांना भारी. तिला तलवार येते म्हणून मोकळीक मिळाली का? छावणीतले सरदारपुत्र तिच्याशी गोड बोलू लागतात, आणि कळतं की हिचं कौमार्य कोण मिळवतो यावर पैज लागलीय. ती पैज बंद पाडतो रँडिल टार्ली, आणि दोष तिलाच देतो : तू इथे आलीसच का? आता हाच रँडिल टार्ली दुसऱ्या पुस्तकाच्या आधीच आपल्याला भेटलेला असतो. थोरला मुलगा सॅमवेल जाडा, भित्रा, पुस्तकवेडा. पंधराव्या वाढदिवसाला बाप त्याला रानात बोलावून घेतो आणि हरणाचं कातडं सोलता सोलता सांगतो : वारसा सोडून उत्तरेच्या भिंतीवर पहाऱ्याला जा, नाहीतर उद्या शिकारीत तुझा अपघात होईल. हात रक्ताने माखलेले, आवाज शांत. तेही हक्कसोडपत्रच. पुरुषासारखी बाई आणि 'बायकी' पोरगा, दोघांना रांगेत उभं करणारा माणूस एकच आहे, हे मला या मालिकेतलं सगळ्यात शहाणपणाचं निरीक्षण वाटतं. तुमच्या कादंबरीत पुरुषांवर हा जाच कुठेच नाही. सगळे पुरुष जन्मतः योद्धे. असं कसं चालेल?

आशा ग्रेजॉय (टीव्हीवर यारा) तर लुटीवर जगणाऱ्या बेटांवरच्या घराण्यातली, जहाजाची कप्तान. ती भर सभेत गादीवर हक्क सांगते, लोकांसमोर पेटी उघडते, त्यात खडे, पाइनची बोंडं आणि सलगम : एवढंच लुटीत मिळतंय, तेव्हा तह करून जमीन घेऊ. सभेतलं सगळ्यात अक्कलहुशारीचं भाषण. हरते. जिंकणारा काका युरॉन तिच्या गैरहजेरीत तिचं लग्न एका म्हाताऱ्या सरदाराशी लावून टाकतो, नवरीच्या जागी सील उभं करून. सील म्हणजे शिक्का नव्हे हो, समुद्रातला प्राणी. मुखत्यारपत्राने खूप व्यवहार पाहिलेत मी, हा नव्हता पाहिला.

ड्रॅगन बाळगणाऱ्या परागंदा राजकन्येची, डेनेरिसची सत्ता तेवढी उसनी नाही, असं तुम्ही म्हणाल. खरंय, ड्रॅगन कुणाच्या बापाचे नाहीत. म्हणूनच तिने जिंकलेल्या मीरीन शहरातली तिची प्रकरणं रटाळ म्हणणाऱ्यांशी माझं भांडण आहे. एका बापाने पोरीची जळकी हाडं तिच्यासमोर आणून ठेवल्यावर ती दोन ड्रॅगनना साखळदंडात घालते, तिसरा उडून जातो. त्यानंतर शांततेसाठी तिला काय करावं लागतं? स्थानिक उमरावाशी लग्न. आणि तोकार नेसणं : ते लांबलचक वस्त्र एका हाताने सतत सावरून धरावं लागतं, चालायचं लहान पावलांनी. ती त्याला सशाचे कान म्हणते. हत्यार कोठडीत गेल्याबरोबर तिची गणती पुन्हा उपवर मुलींत झाली. हे मार्टिनने भाषणातून सांगितलेलं नाही, कापडातून सांगितलंय.

मार्टिनचं सगळंच मी उचलून धरत नाही. पाचव्या पुस्तकात विंटरफेलच्या जुन्या कारभाऱ्याची पोर जेन पूल हिला 'आर्या स्टार्क', म्हणजे सान्साची धाकटी बहीण म्हणून रॅम्झीशी लग्न लावून देतात. तोतया वारस. कन्यादान करतो आशाचा भाऊ थिऑन, कारण तो त्या घरात वाढलेला. त्याने ओळखलं म्हणजे ती आर्या. दुय्यम निबंधकाकडे ओळख पटवायला दोन साक्षीदार नेतात ना, तसा. रचना लाजवाब आहे. पण त्या पोरीचे हाल पुढे पानोपानी थिऑनचा माणूस जागा व्हावा म्हणून वापरले जातात. ती स्वतः रडण्यापलीकडे फार काही उरत नाही. टीव्हीवाल्यांनी २०१५ च्या पाचव्या सीझनमध्ये तिच्या जागी सान्साला घातलं, आणि कॅमेरा पुन्हा थिऑनच्या चेहऱ्यावर नेला. लोक चिडले, रास्त चिडले.

आणि डोर्न, वेस्टरॉसचा दक्षिण टोकाचा प्रांत. तिथे मुलगा-मुलगी न पाहता थोरलं अपत्य वारस, नायमेरियाच्या लोकांनी आणलेली रीत. तरीही तिथल्या राजाची थोरली मुलगी एरियान लहान वयात बापाच्या टेबलावर मेणबत्तीशेजारी अर्धवट पत्र वाचते, ज्यात बापाने तिच्या धाकट्या भावाला लिहिलंय की एक दिवस तू माझ्या जागी बसशील. पुढची कित्येक वर्षं ती त्या एका ओळीच्या भीतीत काढते आणि शेवटी बापाविरुद्ध कट करते. बापाच्या मनात तिच्यासाठी वेगळं, त्याहून मोठं स्थळ होतं; तिला सांगितलं मात्र कुणी नव्हतं. महाराष्ट्रात मुलीला जन्माने वाटा देणारी दुरुस्ती १९९४ साली आली, देशभर २००५ साली. कायदा डोर्नचा झाला. टेबलावरची पत्रं अजून सापडतात.

त्याच डोर्नवर आधीच्या पिढीत एक बाई राज्य करत होती, एरियानचा बाप डोरान आणि त्याची भावंडं एलिया व ओबेरिन यांची आई. कुणाची बायको म्हणून नव्हे, स्वतःच्या हक्काने गादीवर. पाचही पुस्तकांत तिचं नाव येत नाही.

तुमच्या आराखड्यात नायकाची आई पहिल्याच पानावर बाळंतपणात जाते. तिलाही नाव नाही. आधी ते ठेवा. मग तिच्या माहेरहून काय आलं होतं, ते कुणाच्या नावावर चढलं, आणि ती गेल्यावर ते कुणी परत मागितलं, एवढं एका कागदावर लिहून काढा. तुमच्या तिसऱ्या प्रकरणातलं ते दीड पान नंतर लागेल का, ते तेव्हा बघू.